वालावरचा मावा खाणारे ढालकिडे: फोटोत पाठ चमकते, तोंड धूसर

प्रश्न, परभणीहून:
परसबागेत वालाच्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडलाय. त्यावर नागमोडी काळ्या रेघांचे केशरी ढालकिडे (लेडीबर्ड) बरेच आहेत. ते मावा खातानाचा फोटो हवाय. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स आणि बाहेरचा फ्लॅश आहे. पाठीवर पांढरा डाग पडतो, तोंड धूसर येतं आणि जवळ गेलं की किडा टपकन खाली पडतो. काय बदलू?

उत्तर १:
दादा, तो डाग म्हणजे फ्लॅशचंच प्रतिबिंब. ताकद कमी करून तो जात नाही, उजेडाचा पसारा वाढवावा लागतो. ट्रेसिंग पेपरचे दोन थर वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणा. फ्लॅश आणि कागदात चार बोटं अंतर हवंच, नाहीतर उजेड मधोमधच गोळा होतो.
टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं, बंद करा. फ्रेमभर काळा मावा असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि किड्याचा केशरी रंग उडतो. मॅन्युअल १/१६ ताकद, शटर १/२००, आयएसओ २००, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) इथून सुरुवात करा. एफ/२२ला गेलात तर बारकावे मऊ पडतात.

उत्तर २:
तोंड धूसर येतं ते वरून फोटो काढल्यामुळे. १:१ला (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) एफ/११वर जेमतेम मिलीमीटरभर भाग स्पष्ट येतो आणि तो पाठीवरच खर्ची पडतो. किड्याच्या पातळीला या, बाजूने डोळा आणि जबडा एका रेषेत धरा. १:२ला (निम्म्या आकारात) तोच भाग जवळजवळ तिप्पट मिळतो, म्हणून आधी तिथे हात बसवा आणि फोटो नंतर कापून घ्या. ऑटोफोकस बंद. डाव्या हाताने देठ धरून त्याच मुठीवर लेन्स टेकवा. वारा असला तरी वेल आणि लेन्स सोबतच हलतात.

उत्तर ३:
धक्का लागला की ढालकिडा पाय आखडून पडतो, तेव्हा शेजारचं पानही हलवू नका. भल्या पहाटे गारठ्यात तो सुस्त असतो, पण खातही नाही. कोवळं ऊन शेंड्यावर आलं की जा.
खरं तर अळीवर भर द्या. लांबट, काळपट, पिवळट ठिपक्यांची असते. शेपटाकडच्या टोकाने देठाला चिकटून राहते, त्यामुळे सहज पडत नाही, आणि मावा तोंडात धरून बराच वेळ चघळते. मुंग्यांची वर्दळ असलेला शेंडा सोडा. मावा सोडतो त्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.
वांग्यावर बारीक लव असलेला, मळकट, खूप ठिपक्यांचा किडा दिसला तर तो मावा खाणारा नाही. तो पानंच खरवडून खातो.