'कॅनन'ला मराठी शब्द: प्रमाण, श्रुती की पाठ?

तळटीप: लेखी रोलप्लेच्या (पात्रं घेऊन मिळून कथा लिहायच्या खेळाच्या) नियमावलीचं भाषांतर चालू आहे. जग सगळ्यांचं एकच, त्यातली राज्यं मात्र खेळाडू चालवतात. कॅनन म्हणजे त्या जगाबद्दल सगळ्यांनी खरा धरायचा सामायिक मजकूर. अडलेलं वाक्य: 'कॅनन आणि राज्याचा मजकूर यांत विरोध आल्यास कॅनन ग्राह्य.' 'प्रमाण' म्हटलं की लोकांना गुणोत्तर आठवतं. 'अधिकृत कथा' म्हटलं तर खेळाडूची कथा अनधिकृत ठरते, आणि तसा अर्थ मुळीच नाही.

कोशकीडा: 'कानू' घ्या. ग्रीक 'कानोन' म्हणजे मोजपट्टी. तोच अरबीत 'कानून' झाला आणि आपल्या 'कायदेकानू'त येऊन बसला.

सनदवाचक: कानू म्हणजे नियम, वहिवाट. इथे घडून गेलेल्या गोष्टी आहेत: नदी कुठून वाहते, कोणती लढाई कोण हरलं. 'श्रुती' आणि 'स्मृती' ही जोडी तयार आहे. विरोध आला तर श्रुती वरचढ, हा संकेतही जुनाच.

मोडीप्रेमी: श्रुती अपौरुषेय असते, कॅनन चर्चेने बदलतं. श्रुती नकोच. राज्याच्या मजकुराला मात्र 'बखर' म्हणा. बखर आपल्या धन्याच्या बाजूने बोलते, शेजारच्या बखरीत तीच लढाई उलटी दिसते. 'खबर'ची अक्षरं उलटून बखर झाली.

कोशकीडा: ती व्युत्पत्ती सर्वमान्य नाही.

पारवा: आधी कशात काय घालायचं ते ठरवा. सामायिक भागात चारच गोष्टी ठेवा: नकाशा, पंचांग, लोकसंख्या आणि पात्राच्या मृत्यूचा नियम. दोन राज्यांना भिडणारी घटना दोन्ही चालकांची लेखी संमती आल्यावरच तिथे चढवा.

सगळ्यात आधी पंचांग बिघडतं. तीन दिवसांचा वेढा लिहायला खेळाडूंना दीड महिना लागतो, तोवर दुसऱ्या धाग्यात तोच सेनापती लग्नात जेवत असतो. म्हणून प्रत्येक धाग्याच्या माथ्यावर त्या जगातली तिथी हवी. मग लोकसंख्या. तीन लाखांच्या राज्याने दोन लाखांची फौज उभी केली तर नांगर कोण धरणार? २००२पासून चालू असलेल्या नेशनस्टेट्स या राष्ट्र चालवायच्या ऑनलाइन खेळात तर साइट आपोआप लोकसंख्या वाढवत अब्जांवर नेते. त्यामुळे तिथे लिहिणारे बरेच जण कथेपुरता वेगळा आकडा धरतात.

सनदवाचक: कॅनन वरचढ असेल तर 'राज्य' कशाला, 'संस्थान' म्हणा.

मोडीप्रेमी: संस्थान म्हटलं की शेगाव-शिर्डी आठवते. शिवाय खेळाडूला मांडलिक का करायचं?

पाठभेद: १९६६मध्ये पूर्ण झालेली भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडा. वर स्वीकृत पाठ, खाली पाठभेद. खालचा मजकूर पुसलेला नाही, फक्त वरच्या कथेला तो बांधत नाही. सामायिक तो 'पाठ', राज्याचा तो 'पाठभेद'.

कोशकीडा: पण पाठभेद एकाच श्लोकाचे असतात. राज्याने स्वतःचं नवं घराणं रचलं तर तो पाठभेद नव्हे, प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर.

तळटीप: 'प्रक्षिप्त' म्हटलं तर खेळाडू दुखावतील. आणि घडून गेलेली घटना मागाहून बदलली, तर तिला काय म्हणायचं?

मोडीप्रेमी: खाडाखोड.

सनदवाचक: खाडाखोड कागदावर दिसते. ही दिसत नाही, भांडणाचं मूळ तेच आहे.