मदत हवी आहे: दातांवरचा चिकट थर रोखणारं काही मिळतं का?

नमस्कार मंडळी, मी चोपड्याची. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याच्या पुढच्या दुधाच्या दातांवर, हिरडीलगत, पांढुरके पट्टे आलेत. डॉक्टर म्हणाले, किडीची सुरुवात आहे, फ्लोराईड लावू. ते चालूच आहे.

वाचलं की स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू ग्लुकोसिलट्रान्सफरेज या एन्झाइमने साखरेपासून चिकट ग्लुकान बनवतो आणि दाताला धरून बसतो. ते एन्झाइमच अडवलं तर? जंतू मारायचे नाहीत, फक्त त्यांचा डिंक बंद करायचा. मला हे फार पटलं, कारण तोंडातले चांगले जंतूही वाचतील. ग्रीन टीतल्या पॉलिफेनॉलांनी प्रयोगशाळेत हे एन्झाइम मंदावतं.

जळगाव-धुळ्याकडच्या दंतवैद्यांनी कृपया सांगावं, असं जेल किंवा पेस्ट बाजारात आहे का? इतक्या लहान मुलाला चालेल? आणि आजी दिवसभर गूळ-शेंगदाणे देते, गुळातही हीच साखर ना?