मदत हवी आहे : पोर्टर बिअरला गुण कसे द्यायचे?

राजेहो, शनिवारी धरमपेठेत मित्राकडे चौघं मिळून चार क्राफ्ट पोर्टर (छोट्या ब्रुअरींची गडद बिअर) चाखणार आहोत, बाटल्यांना कागद गुंडाळून. गुण ५० पैकी : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. तक्ता ठीक आहे, पण नागपूरचा मे महिना आहे ना बाप्पा! पोर्टर १०-१३ अंशांवर खुलते म्हणतात. फ्रीजमधून काढली की भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) वासच येत नाही, अन् गप्पा मारता मारता कोमट होते. मागच्या वेळी पहिल्या ग्लासात करपल्या पोळीचा वास, दुसऱ्यात चॉकलेट, तिसऱ्याला जीभ बधिर. मध्ये तर्री-पोहे खाल्ले होते, चूक आमचीच. मग खायचं काय? आणि चारांतली बाल्टिक पोर्टर जास्त कडक, म्हणजे अल्कोहोल जास्त, ती शेवटीच ठेवू ना?