लंगर, गाडी, टाइपरायटर: फौजेतल्या मागच्या फळीचे अनुभव

15 ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदनाला निवृत्त फौजीला पुढे करतात आणि लगेच विचारतात, "काका, बॉर्डरवर किती मारले?" स्वयंपाकी, ड्रायव्हर, क्लार्क, धोबी यांनी काय सांगायचं? ठाणे-नवी मुंबईत असे बरेच जण आहेत. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इथे लिहावं: युद्धकथा नकोत, रोजचा दिवस लिहा. युनिट आणि नेमकी ठिकाणं टाळा.

कळवा, स्वयंपाकी
पीटीची शिट्टी व्हायच्या आधी चहा तयार लागतो, त्यामुळे लंगरवाल्याची (फौजी स्वयंपाकघरातल्या माणसाची) पहाट कधी झालीच नाही, रात्रच संपायची. लेह 3500 मीटरवर. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. हिवाळ्यात अंडी टरफलातच गोठायची. त्यात आमचं युनिट मिश्र: तमिळ पोरांना भात, पंजाब्यांना रोटी, आणि आमच्या साताऱ्याच्या मंडळींना कशातही तिखट कमीच. बडा खान्याला, म्हणजे युनिटच्या मोठ्या जेवणाला, अधिकारी जवानांच्या ताटात वाढतात, फोटोही निघतात. त्या दिवशी आम्ही कढईमागे.
आणि हो, गार्ड ड्युटी आणि फायरिंग आम्हालाही असतंच. हे कोणी विचारत नाही.

घणसोली, क्लार्क
आमच्या ऑफिसात सगळ्यांचे संसार कागदावर असायचे. लग्न झालं, मूल झालं, की पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा अधिकृत आदेश) काढायची आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जायची. घरच्यांची नावं किन्ड्रेड रोलवर. आता आपल्याकडची गंमत बघा: बाईचं शाळेच्या दाखल्यावर नाव सविता, लग्नात ठेवलेलं सुनंदा, आणि भरतीच्या वेळी जवानाच्या वडिलांनी त्याच्या आईचं नाव सांगितलं तेही घरातलं, 'माई'. जवान म्हणायचा, "लिहा हो काहीही." ते 'काहीही' वीस-पंचवीस वर्षांनी कुटुंब पेन्शनच्या वेळी आडवं येतं. मी चिडून परत पाठवायचो, शिव्याही खाल्ल्या.
रजेचे अर्जही आमच्याच टेबलावर. वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ, पण सगळ्यांना एकदम कशी द्यायची? गणपतीच्या आधी मराठी पोरं मला 'दादा' म्हणायची. गौरी-गणपती विसर्जन झालं की पुन्हा 'बाबू'.

कोपरखैरणे, ड्रायव्हर
स्टॅलियन, म्हणजे फौजेचा मोठा ट्रक चालवला. गाडी टास्कला निघण्याआधी फर्स्ट परेड: तेल, पाणी, टायर, बॅटरी. मग कार डायरीवर सही. लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड हिवाळ्यात बंद होणार म्हणून उन्हाळाभर रेशन आणि रॉकेल वर चढवायचं. काँव्हॉयमध्ये ओव्हरटेक नाही, थांबायचं तर सगळ्यांनी. आता शाळेची बस चालवतो. फर्स्ट परेड करतो म्हणून बाकीचे ड्रायव्हर हसतात, हसू देत.

कोपरी, ठाणे (पत्नी)
माझे मिस्टर धोबी ट्रेडचे. सासूबाई चाळीत "मिलिटरीत आहे" एवढंच सांगायच्या, ट्रेडचं नाव काढायच्या नाहीत. मिस्टरांना त्याची लाज कधीच नव्हती. इस्त्रीची घडी बिघडली तर आजही ओरडतात. तेव्हा शिपायाला 15 वर्षांनी पेन्शन बसायची, म्हणून चाळिशीच्या आत घरी आले आणि बँकेबाहेर गार्ड म्हणून उभे राहिले. मला तिथे त्यांना बघणं अवघड गेलं, त्यांना नाही.
घणसोलीच्या भाऊंना विचारते: आधारवर माझं लग्नानंतरचं नाव आहे, पेन्शनच्या कागदावर माहेरचं. काय करावं?

घणसोली, क्लार्क
वहिनी, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक काढून दोन्हींवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. मग मिस्टरांना सोबत घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज त्यांच्या सहीने आत्ताच द्या, पुढे तुम्हाला एकटीला फार जड जाईल. लग्नाचा दाखला लागेल, नसेल तर आधी तो काढा. आणि झेरॉक्स दोन जास्तच न्या.