वडिलांशी थेट बोलता न येणं: तुमचे अनुभव लिहा

आमच्या घरात माझं आणि बाबांचं बोलणं आईच्या मार्फत चालायचं. ‘त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं.’ मी समोरच बसलेलो असायचो. आई गेली आणि मागे उरली दोन माणसं, एकमेकांशी बोलायची सवयच नसलेली. पहिला महिनाभर ‘दार लावलं का’ आणि ‘गोळी घेतली का’, बस्स. वडिलांशी किंवा मुलाशी ज्यांचं असं अडलंय, त्यांनी मोकळेपणी लिहा. उपदेश नको.

*

माझ्या वडिलांनी मला पट्ट्याने मारलंय, तेही वर्षानुवर्षं. त्यांनी कधी माफी मागितली नाही, मी माफ केलेलं नाही. औषधपाण्याचं सगळं बघतो. ‘आता म्हातारे झालेत, सोडून दे’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सोडून द्यायचं की नाही, हे मार खाल्लेल्याने ठरवायचं.

*

मी लहानपणी अडखळत बोलायचो. वडील शिक्षक, बोलण्यात पट्टीचे. माझा शब्द अडकला की ते थांबायचे नाहीत. वाक्य स्वतःच पुरं करायचे, तेही बहुतेक वेळा चुकीचं. मी ‘हो’ म्हणून मोकळा व्हायचो. पुढे पुढे त्यांच्यासमोर तोंड उघडणंच बंद केलं.

७१ व्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि वाचाघात झाला. समजायचं बरंचसं, पण शब्द सापडायचे नाहीत. चष्मा हवा असला की ‘दार, दार’ म्हणायचे आणि आपण चुकतोय हे कळून डोळे मिटून घ्यायचे. एक ते दहा आकडे मात्र घडाघडा म्हणायचे. पाठ असलेलं असं टिकून राहतं म्हणे. स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला बजावलं, ‘एका वेळी एकच प्रश्न विचारा. मग थांबा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. हेच मला हवं होतं, चाळीस वर्षांपूर्वी.

एकदा ते ‘तू... तू...’ वर अडकले. मी घड्याळाकडे न बघता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, ‘तू... थांब.’ जाऊ नकोस म्हणत होते की आणखी काही, ते मला आजही ठरवता येत नाही.

*

मी इथे बाप म्हणून लिहितोय. मुलाचा फोन आला की ‘बरा आहेस ना? थांब, आईला देतो’, एवढंच माझं बोलणं. त्याला वाटत असेल, बाबांना बोलायचंच नसतं. खरं तर फोन स्पीकरवर टाकायला लावून मी शेजारी बसून सगळं ऐकतो. त्याने काल काय खाल्लं, कोणाशी वाजलं, सगळं मला माहीत असतं. फक्त त्याला ते माहीत नाही.

*

काका, पुढच्या वेळी फोन आईंकडे लगेच देऊ नका. नुसतं ‘मी ऐकत असतो’ एवढं सांगा.

*

सांगितलं. तो गप्प झाला. मग गाडीच्या टायरबद्दल विचारायला लागला, नवे घ्यावेत का म्हणून. अकरा मिनिटं बोललो.