धागा: पहिलं खातं, पहिली शिष्यवृत्ती आणि हरवलेले पैसे

माडकार:
काल पणजीत बँकेबाहेर कॉलेजच्या पोरांची रांग बघितली आणि जुनं सगळं आठवलं. रामायण नको, कामाचं तेवढं लिहितो. तुम्हीही भर घाला.

शिष्यवृत्ती मंजूर दिसते पण खात्यात नाही? क्लार्काशी भांडायच्या आधी आधारच्या साइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधारला कुठली बँक जोडली आहे ते) बघा. आधारवर येणारा सरकारी पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधारला जोडलेली बँक बघतो. ती एका वेळी एकच. नवीन खात्याच्या फॉर्मवर सीडिंगच्या चौकटीत टिक केली की जुनी बँक आपोआप सुटते. आणि केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं नव्हे, त्याची संमती वेगळी.

फोंडेकार:
+१. पैसे जुन्याच खात्यात निवांत पडलेले असतात. पासबुक छापून आणा आधी.

कढी-शीत:
मिनिमम बॅलन्सचं काय? काउंटरवर ‘बेसिक सेव्हिंग खातं’ असं नाव घेऊन मागा, नाहीतर दुसरंच गळ्यात मारतात. बॅलन्सची अट नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. पण त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं चालत नाही, असलं तर ३० दिवसांत बंद करावं लागतं.

म्हापशेंकार:
बेसिक सोडून साधं सेव्हिंग खातं असेल तर दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर गोव्यात महिन्याला पाच वेळा फुकट, मुंबईला शिकायला गेलात की तीन. नुसता बॅलन्स बघितला तरी मोजतात! पुढे प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी.

फोंडेकार:
२३ रुपयांत किती पाव येतात रे 😄

कढी-शीत:
पोदेराकडे (पाववाल्याकडे) पण क्यूआर आलाय आता, एटीएम कशाला?

शणै_हिशोबी:
क्यूआरवरून आठवलं. रूमचं डिपॉझिट ‘परत करतो’ म्हणून कोणी क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका. यूपीआय पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन.

क्रेडिट कार्डचं ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) पण तसंच फसवं. बिल १०,०००, भरले ५००. उरलेल्या ९,५०० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ३३२ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६०. म्हणजे ५०० मधले कर्जात गेले जेमतेम १०८! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज.

माडकार:
हे भिंतीवर लावा रे कोणीतरी.

सांतेरीची_लेक:
भात शिजतोय, पटकन लिहिते. पोस्टाची आरडी (दर महिन्याला हप्ता भरायची ठेव) १०० रुपयांपासून होते पण पाच वर्षांची. १५ तारखेच्या आत उघडलीत तर दर महिन्याचा हप्ताही १५ च्या आत, चुकला तर शंभराला एक रुपया दंड. तीन वर्षांआधी मोडता येत नाही, नंतर मोडली तर व्याज साध्या बचत खात्याचं. कॉलेजच्या पोरांना बँकेची वर्षाची बरी.

म्हापशेंकार:
चवथीच्या पंधरा दिवस आधी सुटेल अशी तारीख धर गो, माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं) सामान निघेल.

सांतेरीची_लेक:
चवथ दर वर्षी सरकते हो बाब! पंचांग घेऊन बँकेत जाऊ? शीत लागलं वाटतं, आले.