क्रेडिट कार्डाचे माइल्स: कमाई, की चार आण्याची कोंबडी?

वहीखाते:
दोन वर्षांचा हिशेब काल रात्री मिटवला, म्हणून हा धागा. पटलं तर पटलं, नाही तर झोडपा.

ऑफिसातल्या एकाने मालदीवचे फोटो दाखवले आणि वर 'तिकीट माइल्सवर, फुकट' म्हणाला. माइल्स म्हणजे कार्डावर खर्च केला की मिळणारे पॉइंट, त्यावर विमानाचं तिकीट निघतं. तेव्हापासून डोक्यात भुंगा. एका खाजगी बँकेचं प्रवासाचं कार्ड घेतलं. वर्षाची फी 5,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. शंभर रुपयांना 2 माइल्स. आमचा वर्षाचा खर्च साधारण सहा लाख, म्हणजे कागदावर 12,000 माइल्स. प्रत्यक्षात विम्याच्या हप्त्यावर माइल्स नाहीत. पेट्रोलवर नाहीत. वीज, गॅस, पाणी, कशावरच नाहीत. हे सगळं मिळून 1,80,000 निघालं. उरलेल्या 4,20,000 वर 8,400. दोन वर्षांचे 16,800.

बेत सिंगापूरचा होता. आम्ही चौघं. दोन शाळकरी मुलं, म्हणजे दिवाळी किंवा मे, तिसरा पर्याय नाही. रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप घेऊन बसायचो. चार सीट टाकल्या की 'उपलब्ध नाही'. दोन टाकल्या की कुठल्या तरी मंगळवारी पहाटेच्या विमानात दिसायच्या. शेवटी बायको म्हणाली, "तू आणि मोठा जाऊन या, आम्ही दोघी सारसबागेत भेळ खातो."

मुदत संपत आली तसे सगळे माइल्स व्हाउचरमध्ये बदलले, 25 पैसे भावाने. 4,200 रुपये आले. त्यात मिक्सर घेतला, वरचे तीनशे खिशातले. फी भरली होती 11,800.

माझं म्हणणं एवढंच की माइल्स म्हणजे पैसे नव्हेत. छापतो तोच, भाव ठरवतो तोच, आणि रद्दही तोच करतो. असल्या नाण्यात कमाई मोजायची म्हणजे स्वतःला फसवणं आहे. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा.

भटकभवानी:
वहीखाते, राग मानू नका, पण तुम्ही पोहायला न शिकताच तरणतलावाचा पास काढलात. 16,800 माइल्समध्ये चौघांचं सिंगापूर होणारच नव्हतं. हे गणित कार्ड घेण्याच्या आधी करायचं असतं, दोन वर्षांनी नाही.

मी उलटीकडून सुरुवात करते. आधी जायचं ठिकाण, मग विमान कंपनीच्या साइटवर सीट दिसते का ते पाहायचं, आणि सीट दिसली की मगच बँकेतून माइल्स तिकडे हलवायचे. एकदा हलवले की परत येत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत ते 36 महिने जगतात, म्हणजे हलवल्या क्षणी घड्याळ सुरू. 'असू देत तिकडे' म्हणून हलवणारे लोक बघितले की मला घाम फुटतो.

शिवाय विमानाच्याच मागे का लागायचं? अ‍ॅक्सिस बँकेच्या अ‍ॅटलस कार्डाचे मी 12,000 अ‍ॅकॉर हॉटेलांकडे वळवले होते. त्या वेळी एकाचे दोन व्हायचे, म्हणून 24,000 झाले. तिथे 2,000 पॉइंट म्हणजे 40 युरो, बिलातून सरळ वजा. सीट शोधत बसणं नाही, खोली रिकामी आहे तर आहे. 480 युरो सुटले, व्हिएन्नात तीन रात्री निघाल्या. हातचं काय गेलं? शहराचा कर, आणि नवऱ्याने मिनीबारमधून काढलेली 6 युरोची पाण्याची बाटली. त्या बाटलीवरून आजही घरात बोलणं होतं.

कर्जत लोकल:
ताई, हे सगळं सांभाळायला आठवड्याला किती वेळ जातो? खरं सांगा.

भटकभवानी:
रविवारी अर्धा तास. एक एक्सेल आहे.

कर्जत लोकल:
एकच?

भटकभवानी:
…तीन. एक नवऱ्याच्या कार्डांचं.

नट-बोल्ट:
माझं मिरजेजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. हा सगळा व्यवहार मी काउंटरच्या पलीकडून बघतो, म्हणून लिहितोय.

परवा एक गिऱ्हाईक आलं. नव्या बंगल्याचं फिटिंग, एक लाखाचं बिल. तासभर घासाघीस. नळांच्या सेटवर मी चार टक्के सोडले, चहा पाजला, पाइपचे दोन एल्बो फुकट दिले. पैसे द्यायची वेळ आली तर खिशातून कार्ड. म्हटलं, "साहेब, स्कॅन करा की." तर म्हणतात, "नाही हो, यावर माइल्स मिळतात." कार्डाच्या मशीनने माझे दोन टक्के कापले, वर त्यावर जीएसटी. 2,360 रुपये. युपीआय केलं असतं तर शून्य.

आता मला सांगा, त्यांचं विमानाचं तिकीट नक्की कुणी काढलं?

जास्तीचे दोन टक्के मागावेत म्हणाल तर मशीन घेताना करारातच लिहिलेलं असतं की मागायचे नाहीत. मग मी काय करतो? भाव आधीच थोडा वर लावतो. तो वरचा भाव मग रोख देणाऱ्या गवंड्यालाही पडतो, ज्याने विमानतळ फक्त बांधकामाला गेला तेव्हा पाहिलाय.

तिसरी घंटा:
नट-बोल्ट, एक दुरुस्ती. कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, ते 360 परत येतात. गेले 2,000. (हिशेबनीस आहे, सवय जात नाही.)

नट-बोल्ट:
बरं, 2,000. तेवढेच झाडाला लागतात का?

राइनकाठी:
जर्मनीतून लिहितोय. नट-बोल्टनी नेमकी नस धरली आहे. 2015 मध्ये युरोपीय संघाने नियम केला की दुकानदाराकडून कापलेल्या पैशांतला जो हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, तो ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावर 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. डेबिटवर 0.2. बँकेच्या हातातच एवढं येत असेल तर ती वाटणार काय? इथल्या कार्डांचे माइल्स म्हणूनच चिमणीच्या चाऱ्याएवढे. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ एका नव्या कार्डावर सुरुवातीच्या बोनसचे जेवढे माइल्स उचलतो, तेवढे मला इथे चार वर्षांत जमत नाहीत. कारण अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या या हिश्श्याला असं कुंपण नाही.

आणि तो हिस्सा कुठून येतो याचा तिकडे हिशेबही झालेला आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये मांडला होता: रोखीने खरेदी करणारं सरासरी घर वर्षाला 149 डॉलर कार्डवाल्यांना देतं, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी घराला 1,133 डॉलर मिळतात. गरिबाकडून श्रीमंताकडे, किराणाच्या बिलातून.

भटकभवानी:
म्हणजे मी कार्ड कपाटात ठेवलं की गवंड्याला नळ स्वस्त मिळणार? नट-बोल्ट भाव खाली आणणार? प्रामाणिकपणे सांगा. भाव आधीच वर लावलेला आहे, तो मीही भरतेच. माइल्स घेतले नाहीत तर माझे दोन टक्के बँकेला अर्पण, बाकी काही बदलत नाही. राइनकाठी, तुमच्याकडे 0.3 झाल्यावर ब्रेड स्वस्त झाला का?

राइनकाठी:
माझ्या लक्षात राहील एवढा तरी नाही झाला. हा मुद्दा तुमचा.

नट-बोल्ट:
मला नाही मान्य. दहातल्या आठ बिलांना युपीआय झालं तर मी भाव खाली आणेन, कारण समोरच्या दुकानाने आणला की मला आणावाच लागेल. पण आता नवीन भानगड आलीय. रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडून लोक माझ्याच क्यूआरवर स्कॅन करतात. 2,000 पर्यंत लहान दुकानदाराचं काही कापत नाहीत, त्याच्या वर कापतात. आवाज तोच, 'रुपये प्राप्त झाले', आणि दुसऱ्या दिवशी खात्यात बघावं तर कमी.

तिसरी घंटा:
तुम्ही सगळे दुकानदाराच्या दोन टक्क्यांवर भांडताय. माइल्सचं दुसरं खातं कुणी उघडलंच नाही.

माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्यांतल्या एका मुलीचं उदाहरण. पगार बरा. माइल्ससाठी कार्ड घेतलं, एका महिन्यात 60,000 थकले, तिने दोन महिने नुसती 'किमान रक्कम' भरली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,100. त्यावर जीएसटी 378. महिन्याला 2,478, आणि मुद्दल जवळजवळ तिथल्या तिथे. वर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुधाची पिशवी कार्डावर घेतली की त्याच दिवसापासून व्याज. त्या दोन महिन्यांत तिचे जे माइल्स जमले, त्याची किंमत काढली तर सातशे-आठशे रुपये.

साडेतीनचे वर्षाला 42 टक्के झाले. 30 टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. म्हणजे त्या 30 ला आता वरचं झाकण उरलेलं नाही. भटकभवानीताईंच्या व्हिएन्नाच्या तीन रात्रींपैकी एक तरी या मुलीने भरली आहे.

भटकभवानी:
हे लागलं. उत्तर नाही माझ्याकडे. मी दर महिन्याला पूर्ण बिल भरते, आणि ज्याला ते जमत नाही त्याने माइल्सच्या नादी लागू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. त्यापुढे काय करू?

जुना प्रवासी:
उशिरा आलो. वहीखात्यांच्या 'नाणं छापणाराच भाव ठरवतो' याला दाखले देतो, मग त्यांच्याशी भांडतो.

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये माइल्सची योजना काढली तेव्हा माइल्स खरोखर उडूनच मिळायचे. आता जमिनीवरच जास्त मिळतात, किराणा, फ्रिज, जेवणाच्या बिलावर. आपल्याकडचं बघा. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 च्या रात्री बंद पडली. माइल्सची कंपनी वेगळी होती म्हणून माइल्स वाचले, पुढे इंटरमाइल्स झाले. पण ज्या विमानात बसायला ते साठवले होते ते विमान कुठे होतं? विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात गेली. पॉइंटला पॉइंट मिळाला हे खरं, पण खेळ नवा, तक्ते नवे.

आणि अ‍ॅक्सिसचं मॅग्नस कार्ड. ज्यांना आठवतंय ते आत्ताही सुस्कारा सोडतील. महिन्याला एक लाख खर्च केला की वरचे 25,000 पॉइंट, आणि पाच पॉइंटांचे चार माइल्स. म्हणजे महिन्याला नुसत्या बोनसचे 20,000. लोकांनी सोसायटीचं भाडं, सासऱ्यांचा विमा, मित्राच्या लग्नाचं सोनं, सगळं त्या कार्डावर घातलं. 1 सप्टेंबर 2023 पासून तो मासिक बोनस बंद, साध्या मॅग्नसला पाचाचे दोन माइल्स, आणि फी 10,000 वरून 12,500. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी दुखवटा होता.

पण यातून 'माइल्स घेऊच नयेत' हे कसं निघतं? निघतं ते एवढंच की साठवू नयेत. आंबे आढीत घालतात, वर्षभर नाही घालत. वहीखाते, तुमचं चुकलं ते इथे. दोन वर्षं ठेवलेत.

वहीखाते:
जुना प्रवासी, चौघांचं तिकीट साठवल्याशिवाय होत नाही आणि साठवलं की भाव पडतो. मग माझ्यासारख्याने करायचं काय? हा खेळ एकट्यादुकट्याचा, वाटेल त्या मंगळवारी रजा काढू शकणाऱ्याचा आहे, हेच तर मी म्हणतोय. शाळेची सुट्टी बघून जाणाऱ्याने सरळ कॅशबॅक घ्यावा. पैसे खात्यात येतात, बायकोला दाखवता येतात.

जुना प्रवासी:
हे मात्र बरोबर. मी रिटायर झाल्यावरच मला हे जमलं. आणि 'फुकट' तिकिटावर कर भरावाच लागतो. काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात. लंडनला ब्रिटिश एअरवेजने माइल्सवर जाऊन बघा, पावती बघून तिकीट विकत घेतल्यासारखं वाटेल. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या माइल्स योजनेने 2020 मध्ये तो अधिभार काढला, म्हणून मी मुलीकडे टोरांटोला जाताना तेच वापरतो.

कर्जत लोकल:
नट-बोल्ट, एक विचारू? तुमच्या स्वतःच्या खिशात क्रेडिट कार्ड नाही?

नट-बोल्ट:
…आहे. मुलाने काढून दिलं. घरची खरेदी त्यावर होते. गेल्या वर्षी आईला विमानात बसवलं, पुण्याहून दिल्ली, दोन तिकिटं पॉइंटवर. आई खिडकीशी. उडताना माझा हात घट्ट धरला आणि वर गेल्यावर विचारलं, "किती पडले रे?" म्हटलं, काही नाही. तर म्हणाली, "काही नाही कसं? कुणीतरी दिलेच असतील की."

वहीखाते:
ताजी खबर. कार्ड बंद करायला आज फोन केला. तीन वेळा 'एक, दोन, नऊ' दाबल्यावर एक बाई आल्या. कारण विचारलं, सांगितलं. दोन मिनिटं गाणं वाजलं. मग म्हणाल्या, यंदाची फी माफ, वर 2,000 माइल्स. 'घरी विचारून सांगतो' म्हणालो.

भटकभवानी:
घ्या! आणि दिवाळीच्या सीटा आत्ताच बघा, जवळजवळ वर्षभर आधी उघडतात. चौघांच्या नसतील तर दोन-दोनच्या दोन विमानांनी जा.

वहीखाते:
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, पहिल्या विमानात मिक्सर ठेव.